इंद्रकुमारचे सहा चेहरे

"नाक चुकलं," सुशिलाबाई म्हणाली. "माया पोराचं नाक असं भज्यासारखं नव्हतं."

मंजूने पॉलिश पेपरचा तुकडा घेतला आणि नाकाच्या शेंड्यावरचा सुकलेला रंग हलक्या हाताने घासायला सुरुवात केली.

भिंतीशी सहा कॅनव्हास टेकलेले होते. सहाही घर सोडून गेलेल्या इंद्रकुमारचे: समोरून, डावीकडून, उजवीकडून, हसताना, दाढीत, आणि आज दिसत असेल तसा, अकरा वर्षांनी थोराड झालेला. मंजू सकाळी एका चेहऱ्यात बदल करी. रंग जवसाच्या तेलात पातळ करून, अगदी थोडा. दुपारी सासू तपासायची. तिला पटला की तोच बदल उरलेल्या पाचांत जाई. रोजचा फरक इतका बारीक असे की कालचे चित्र आठवून तो कोणालाही सांगता आला नसता.

मंजू मेलेल्या माणसांच्या तसबिरी रंगवून घर चालवायची. लोक फोटो आणून देत, ती चेहरा उतरवून देई. नवऱ्याचा मात्र एकही फोटो नव्हता. लग्नाचा अल्बम वाळवीने खाल्ला, तो तिनेच चुलीत टाकला होता.

"मेलेल्यायचे चेहरे बरोबर निंगतेत तुये," सुशिलाबाई म्हणाली. "जित्या नवऱ्याचाच काऊन जमत नाई?"

"जमेल."

"जमेल म्हणते! तुयामुळंच गेला तो. येऊ दे त्याले. हा रंगाचा पसारा उकिरड्यावर, आन तू तुया बापाच्या घरी."

हे ती रोज म्हणे. त्यानंतर मंजूच्या पोलक्यावर घसरे. "एवढा उकाडा आन बाह्या मनगटापर्यंत. फॅशन पाहा महाराणीची!"

चेहरे रंगवायचा विषय सासूनेच काढला होता. घरात दोन बायाच राहतात हे ऐकून आधी एक जोगी आला होता. "माय, मी इंदर." सुशिलाबाईने त्याला उराशी धरले, गोडधोड खाऊ घातले. आठवडा संपायच्या आत तो तिचे चांदीचे गोट घेऊन गेला. दुसरा आला तेव्हा गोट उरले नव्हते, म्हणून त्याने सायकल नेली. घरात शिरताना दोघांनीही दाराच्या बुटक्या चौकटीवर कपाळ आपटून घेतले होते आणि सुशिलाबाईने दोघांच्याही टेंगळावर स्वतः हळद लावली होती.

तिसऱ्याला हळद लावायची नाही, असे तिने ठरवले. पोराचा चेहरा उतरवून ठेवायचा आणि येईल त्याला त्याच्याशी ताडून पाहायचे. तिच्या डोळ्यांत मोतिया उतरत होता. नजर आधी जाईल की आठवण, याची तिला धास्ती होती.

डाग आला तो होळीच्या सुमारास.

"नुसत्या नाकाडोळ्यानं का होते?" सुशिलाबाई कुरकुरत होती. "तसा तं कोणीबी भेटते. खूण पाहिजे."

"भिवईवर डाग होता ना," मंजू कुंचला पुसत म्हणाली. "डाव्या. लहानपणी पडले होते म्हणे."

सुशिलाबाई चित्राजवळ सरकली आणि डाव्या भिवईला डोळे भिडवून पाहू लागली.

"पडला होता," ती सावकाश म्हणाली. "नहराच्या पाळीवरून. मीच विसरून राहिली होती."

शेजारच्या बकारामने चित्र पाहिले आणि मान डोलावली. "मीच तं उचलून आणला होता त्याले. रगत थांबूनच नव्हतं राहिलं."

मग उजवीकडून काढलेला सोडून बाकी पाचही चेहऱ्यांवर डाग चढला.

नाक जमले तेव्हा धानाची रोवणी सुरू झाली होती. सगळे गाव बांध्यांमध्ये होते. बिरसीच्या विमानतळावरचे शिकाऊ विमान आभाळात घिरट्या घालत होते. मंजू मागच्या अंगणात कुंचले धुऊन आत आली, तर खोलीत एक माणूस उभा होता. वाळलेला, दाढी पांढरी पडू लागलेली. सुशिलाबाई त्याचा दंड धरून त्याला एकेका कॅनव्हासपुढे नेत होती.

"नाक वेगळं. कान वेगळे. डावी भिवई दाखव."

त्याने केस मागे सारले. ती त्याच्या चेहऱ्याला चेहरा भिडवून पाहत राहिली.

"डाग कोठी आहे?"

"कोणता डाग, माय?"

"नहरावर पडला होता तो!"

"मी कधी पडलो?"

सुशिलाबाईने दंड सोडला. "याले धड पाठसुद्धा करता आलं नाई. पहिले दोघं तरी हुशार होते."

"माय, मी इंदर! मंजू, तू तं सांग!"

"सांग," सासूही म्हणाली. "नवरा तुया. तूच सांग."

मंजूने त्याच्याकडे पाहिले नाही. ती चित्राकडे पाहत होती.

"डाग तं नाई, आत्याबाई."

सुशिलाबाईने कोपऱ्यातली काठी उचलली. "निंग! चोट्टा! लोकायच्या मायच्या जिवाशी खेळते!" पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला. दोन्ही हात पुढे धरून तो मागे मागे सरकत गेला. डोळे काठीवर, पाठ दाराकडे.

उंबऱ्याशी पोचताच, मागे वळून न पाहता, त्याने मान खाली घातली. चौकट त्याला लागली नाही.

सुशिलाबाई धापा टाकत खाली बसली. काठी तिच्या हातात तशीच होती.

"गेला," ती म्हणाली. "तुयं चित्र कामी आलं, पोरी."

पोरी असे तिने मंजूला कधी म्हटले नव्हते.

मंजूने बाही कोपरापर्यंत वर सारली. मनगटापासून वर, विडीच्या टोकाएवढे गोल डाग ओळीने गेले होते. तिने कुंचला तेलात बुडवला आणि इंद्रकुमारच्या डाव्या भिवईवर, जिथे त्याला कधीच काही लागले नव्हते, तो डाग आणखी थोडा गडद केला.