उलटी जोडलेली कॉइल

जुनी सहकारी वसुधा मणेरीकर हिच्या पत्राला खानोलकरांनी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. मच्छीमार होड्यांच्या वायरलेसमधली इंजिनाची खरखर घालवणारी जोडणी दोघांनी मिळून केली होती, आणि आता त्या जोडणीचं पेटंट घ्यायचं होतं. "सर, संशोधक म्हणून पहिलं नाव तुमचं," तिनं लिहिलं होतं. "तुमची सही आल्याशिवाय मी अर्ज करणार नाही." अर्जाची मुदत आठवड्यावर आली होती.

सही करायला खानोलकर धजत नव्हते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी इंजिनाजवळच्या जादा एरियलची कॉइल त्यांनी चुकून उलटी जोडली होती. एका खरखरीनं दुसरी मारली आणि होडी चालवणाऱ्या तांडेलाचा आवाज स्वच्छ ऐकू आला. वसुधा इतकी खूश झाली, की चूक सांगायची राहूनच गेली.

"याला काय संशोधन म्हणायचं?" ते बायकोला म्हणाले.

निर्मलाबाई भेंडी चिरत होत्या. "चूक कळल्यावर तारा सरळ केल्यात का?"

"छे! असं का होतंय, ते महिनाभर मोजत बसलो."

"अहो, मी असते तर आधी तारा सरळ करून गप्प बसले असते. तुम्ही मोजत बसलात ना? आणि ती पोरगी तिकडे ताटकळलीय!"

चूक कशी झाली, ते खानोलकरांनी सगळं लिहिलं. "हे वाचूनही माझं नाव हवं असेल, तर सोबत सही आहे." पोस्टातल्या बाईनं शिक्का मारला, तेव्हा कुठे त्यांनी पाकिटावरचा हात काढला.