बलभीमचा बाजा

निजाम गेल्यावर हैदराबादच्या क्लबात वाजवून परतलेल्या बलभीमनं वऱ्हाडापुढं तिथलं विलायती जॅझ वाजवलं, म्हणून लोहाऱ्याच्या बँडवाल्यांनी त्याला बँडातून हाकललं. मग त्यानं रेडिओचे व्हॉल्व्ह जोडून, न शिवता समोर नुसता हात हलवला की विव्हळणारा बाजा केला आणि तामलवाडीच्या जत्रेत मांडला. आता कुणीतरी "बंद कर" म्हणणार, या धास्तीनं त्याचे हात कापत होते. त्यामुळं बाजा जास्तच विव्हळला.

तेवढ्यात गावातल्या सारजाबाईच्या अंगात देवी आली. ती केस सोडून घुमू लागली. पाटलांनी हात जोडले, "आई, काय हुकूम?"

"वाजू दे! थांबला तर गाव जाळीन!"

काठ्या घेऊन गाव बलभीमभोवती बसलं. पाटील अदबीनं म्हणाले, "चालू द्या, बलभीमराव."

बलभीमराव घामानं निथळत वाजवत राहिले. मोटारीच्या जुन्या बॅटरीवर सूर हळूहळू बारीक होत चालला होता.