कमी उजेडातले फोटो

"अहो, हा काळा कॅमेरा नको. फोटो निळसर मारतो," दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवत ती म्हणाली. "पोरगी बघा ना, थंडीत काकडल्यासारखी दिसतेय. भाऊ, रुपेरी कॅमेऱ्यातला तोच फोटो लावा बरं."

दुकानदाराने लावला. तीच त्यांची छकुली, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीवर बसून कोरडा पाव चावणारी. पण या फोटोत तिचा फ्रॉक जसाच्या तसा पिवळा होता आणि त्यावरचा चहाचा डागही अगदी चहाच्या रंगाचा.

"आता कसं! याला म्हणतात रंग," ती म्हणाली.

लग्नाआधी सहा वर्षं ती फोटो धुऊन देणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. कुठल्या फोटोत लाल जास्त झालाय, कुठे चेहरा काळवंडलाय, तिला नुसत्या नजरेने कळायचं. कॅमेरे दोन्ही स्वस्तातले, नवशिक्यांसाठीचे. दुकानदार नवऱ्याच्या ओळखीचा, म्हणून त्याने दोन्ही घरी वापरून बघायला दिले होते. नवऱ्याने दोन दिवस घर नुसतं टिपून काढलं. आणि आज सकाळी तिला म्हणाला, "चल दुकानात. तूच ठरव. तुझ्याइतकं यातलं मला कुठे कळतं?"

बाई हरखली. हरखणारच की! वर्षभरात तो माणूस तिच्याशी धड चार शब्द बोलला नव्हता. छकुलीच्या पाठीवरचं बाळ पोटातच गेलं आणि हिने अंथरूण धरलं. सुरुवातीला त्याने समजून घेतलं, मग तो चिडचिड करू लागला, मग गप्प झाला. आणि एका रविवारी शांतपणे म्हणाला, "तू अशीच राहणार असशील, तर मी पोरीला घेऊन आईकडे जातो."

त्या दिवसापासून औषधं घेऊन ती उठायला लागली. कधी छकुलीची वेणी घातली जायची, कधी दुपारपर्यंत डोळेच उघडायचे नाहीत. छकुली नेली तर आपल्यात उरतं काय, हा एकच विचार. आणि अशात हा गडी दोन कॅमेरे घेऊन घरी आला! ओरडला नाही, टोमणा मारला नाही. घर मोडायला निघालेला माणूस घरात कॅमेरा कशाला आणेल? तिने स्वतःला समजावलं आणि तिच्या जिवात जीव आला. छकुली काल आजीकडे, त्याच्या आईकडे, राहायला गेली, तेव्हाही ही फारशी घाबरली नाही.

पुढचा फोटो आला. खरकट्या भांड्यांनी भरलेली मोरी.

"इश्श! मोरीचा कसला फोटो काढायचा तो?"

"कमी उजेडात कसा येतो, ते बघायचं होतं," नवरा म्हणाला.

हे तिला पटलं. ती पडद्याजवळ सरकली. काळ्या कॅमेऱ्याचा फोटो रवाळ आला होता, भांड्यांचा सगळा गोळा झालेला. रुपेरीतलं एकेक पातेलं वेगळं दिसत होतं, कडेला करपून चिकटलेल्या दुधासकट.

"बघा! माशीसुद्धा दिसतेय," ती हसून म्हणाली. नवरा हसला नाही, पण त्याने मान हलवली. तिला तेवढंही पुष्कळ झालं.

मग तिचाच फोटो आला. भरदुपारी झोपलेली, केस पिंजारलेले, तोंड उघडं. उशीवर गोळ्यांचं पाकीट. पायाशी छकुली, रडून रडून नाक लाल झालेली.

"अगं बाई, माझा काय हा अवतार! मला उठवायचं तरी."

"उठवलं असतं तर असा फोटो मिळाला असता का?"

ती चक्क लाजली. आपण झोपलेलो असताना हा माणूस उभा राहून आपल्याकडे बघत होता! लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बघायचा, तसा. दुकानदाराने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि उगाच काउंटर पुसायला घेतलं.

"जरा मोठा करा ना," नवरा त्याला म्हणाला. "त्या गोळ्यांवर. नाव वाचता येतंय का?"

"न यायला काय झालं! अक्षर न् अक्षर येतंय," दुकानदाराच्या आधी तीच बोलली. तिला आता चेव आला होता. "काळ्यातलं वाचून दाखवा, पैज लावते मी. रुपेरीच घ्या, अहो. डोळे झाकून घ्या. याच्या फोटोत काही म्हणजे काही लपत नाही."

"नक्की?"

"मी सांगतेय ना!"

कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज असा खणखणीत लागला होता. तिच्या मनात अल्बमही भरायला लागला. झोक्यावरची छकुली, दात पडलेली छकुली, तिघांचा एक, शेजारच्या काकूंकडून काढून घेतलेला. उद्या पोरगी आली की आधी तिला छान न्हाऊ घालायचं.

दुकानदाराने रुपेरी कॅमेरा खोक्यात भरला. त्याची नजर खालीच होती.

"वहिनी, फोटो साठवायचं कार्ड कुठलं देऊ? वापर कशासाठी आहे मुख्यतः?"

"लेकीसाठी," ती लगेच म्हणाली.

"हो, लेकीसाठीच," नवराही पाकीट काढत म्हणाला. "सोमवारी तिच्या ताब्यासाठी अर्ज करतोय मी. वकील म्हणालेत, ही पोरीला कशी सांभाळते ते न्यायाधीशांना साफ दिसायला हवं."