वड्याची अट

"थोतांड आहे सगळं!" डॉक्टर मोकाशी गरजले, तेव्हा ते थोतांड, म्हणजे मी, पहिल्याच रांगेत बसले होते. आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांनी माझ्या थकव्यावर चर्चा ठेवली होती. रिपोर्ट सगळे नॉर्मल, पण चार भांडी घासली की मी दिवसभर आडवी.

"आजार खरा आहे. अडाणी तुम्ही आहात!" डॉक्टर तांबोळी उसळले.

अध्यक्ष शिरोडकरबाईंनी बटाटेवड्यांच्या परातीवर झाकण ठेवलं. "अपशब्द बंद. आधी समोरच्याची बाजू मांडायची. त्याने मान डोलावली, तरच वडा."

वास तर सुटला होता. मोकाशींनी आजाराची बाजू अशी मांडली, की तांबोळींची मान आपोआप डोलली. तांबोळींनीही शंका इतक्या नेमक्या सांगितल्या, की मोकाशी खूश. पंचाईत एवढीच झाली, की दोघांनाही आपणच मांडलेली समोरच्याची बाजू पटली.

"अहो, त्या खरंच आजारी आहेत!" मोकाशी ओरडले.

"कशावरून?" तांबोळींनी टेबलावर हात आपटला.

शिरोडकरबाईंनी कपाळाला हात लावला. मी परात हळूच माझ्याकडे ओढून घेतली.

"आता दोघांनी माझी बाजू मांडा," मी म्हटलं. "मान मी डोलावते."

शेवटी मोकाशी टेबलामागून पुढे आले, माझ्याशेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुम्हाला नेमकं होतं तरी काय?"

इतक्या वर्षांत हे कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं. मी त्यांच्या हातावर वडा ठेवला.