ढिगात हरवणारी बाई

“अजून बाई दिसत नाही,” दिग्दर्शक गोपाळराव म्हणाले.

सुरुचीने पडद्याकडे पाहिलं. भिवापूरची मिरची, पुरुषभर उंचीचा लालभडक ढीग. त्याच्या पुढ्यात देठ खुडत बसलेली नायिका, अंगावर हिरवंगार लुगडं. शंभर पावलांवरून नजरेत भरावी अशी.

“कुठे हरवते, सर?”

“कुठं म्हणजे? ढिगात. चार दिवसांपासून तेच सांगून राहिलो. मिरची आन् बाई एक होऊन राहिली.”

सिनेमाचा हा शेवटचा प्रसंग होता. चित्रीकरण, कापाकापी, आवाज सगळं उरकलं होतं. उरली होती रंगसंगती, म्हणजे प्रत्येक दृश्याचे रंग जुळवणं. ती सुरुचीच्या हातात होती. विश्वनाथकाका निवृत्त होऊन मुलीकडे गेले आणि त्यांची खुर्ची तिला मिळाली, त्याला जेमतेम तीन महिने झाले होते.

सोमवारी तिने लाल वाढवला. गोपाळराव म्हणाले, ढीग काळा पडला. मंगळवारी कमी केला. म्हणाले, आता ढीग बरा, पण बाई कुठंय? तिने पडदा यंत्र लावून तपासला. आकडे बरोबर होते. खोलीच्या भिंती करड्या, दिवा ठरलेला एकच. आत येणाऱ्याने भडक कपडे घालायचे नाहीत हा नियमही सगळे पाळत, कारण कपड्यांचा रंग पडद्यावर उतरतो. गोपाळराव आज फिकट गुलाबी कुर्ता घालून आले होते आणि वर म्हणाले होते, “तुमचा नियम पाळला बरं का. करडाच घातला.” टोमणा तिने मुकाट्याने गिळला. तीस वर्षं सिनेमे केलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

जेवणाच्या सुट्टीत तिने एडिटर अंकुशला बोलावून तेच दृश्य दाखवलं.

“बाई दिसते का तुला?”

“मले तर दिसते,” अंकुश डबा पुसत म्हणाला. “पण मी कटिंगवाला. रंगाचं मले नको विचारू. काका होते तवा सर या खोलीत येतच नव्हते. फायनल झालं की एकदम पाहत, आन् खूश होऊन जात.”

म्हणजे काकांच्या वेळी तक्रार नव्हती. आपल्याच वेळी आहे.

दुपारी तिने वेगळंच करून पाहिलं. लुगड्यातला हिरवा काढत काढत ते जवळजवळ पांढरं केलं.

“हां,” गोपाळराव खुर्चीत सावरून बसले. “आता दिसली. एवढ्यासाठी चार दिवस घालवले वं पोरी?”

अर्ध्या तासाने स्टुडिओच्या मालकीण दीपमालाताई आल्या. दृश्य संपेपर्यंत उभ्याच राहिल्या.

“लुगडं कुठे गेलं?”

“सरांनीच सांगितलं.”

“मी एवढंच म्हणलं, बाई दिसू दे,” गोपाळराव शांतपणे म्हणाले. “लुगड्याले हात लाव असं नाही म्हणलं.”

ते खरंच होतं. सुरुचीने मागचं दृश्य पुन्हा लावलं, हिरव्या लुगड्याचं. गोपाळरावांनी मान हलवली. “हे पाहा ताई, पुन्हा हरवली.”

दीपमालाताईंनी तिला बाहेर नेलं. “मला तर हिरवंच ठीक वाटलं. पण सरांची नजर माझ्यापेक्षा मोठी. तुला नक्की काय दिसतं, सुरुची?”

चार दिवस तोच लाल आणि तोच हिरवा पाहून तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. सकाळी वाडीच्या चौकातला सिग्नलही तिला फिका वाटला होता. आणि जे तिने ऑफिसात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, ते आत्ता तोंडून निघून गेलं.

“माझ्या आईच्या वडिलांना रंग ओळखता यायचे नाहीत. रेल्वेच्या भरतीत त्यावरच नापास झाले होते. आईकडून येतं म्हणे.”

दीपमालाताईंनी घड्याळ पाहिलं.

“आजच तपासून घे. येत्या सोमवारी सिनेमा द्यायचा आहे. डोळे ठीक निघाले तर खुर्ची तुझीच. नाही तर मला मुंबईहून माणूस बोलवावा लागेल.”

गोपाळराव दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. “मी नेतो पोरीले,” ते म्हणाले. “काहून भेतं वं? दोष असला तरी तो काही तुह्या हातचा नाही.”

धरमपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टर यमुताईंनी तिला खिडकीजवळ बसवलं. गोपाळराव शेजारच्याच खुर्चीत बसले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. टेबलावर एक जाडजूड पुस्तक होतं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचा गोल, त्यात एक आकडा.

“दिसेल तो आकडा सांगायचा. विचार करायचा नाही.”

पहिलं पान. “बारा,” सुरुची म्हणाली.

“बारा,” गोपाळरावही पुटपुटले, परीक्षेला बसलेल्या लेकराला धीर द्यावा तसे.

पान उलटलं. “सहा.” पुन्हा उलटलं. “पंचेचाळीस.” डॉक्टर कागदावर लिहीत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. “सात. सोळा.” गोपाळरावांचं पुटपुटणं बंद झालं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, पुस्तकावर वाकले. मग तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत एवढी कीव होती, की पुढच्या पानाकडे तिचं लक्षच राहिलं नाही.

“राहू द्या डॉक्टरबाई,” गोपाळराव तिच्या डोक्यावर हात ठेवत हळूच म्हणाले. “नोकरीच्या धाकानं पोरगी मनचेच आकडे सांगून राहिली. पहिल्या पानावर बारा होता, कबूल. पण पुढं तर नुसते ठिपके आहेत.”