त्रयस्थाची हरकत

रतन धोंडिबा गोरडे याचा सातवा अर्ज टेबलावर आला, तेव्हा मन्सूरभाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. मागणी तीच. ‘वेणूबाई धोंडिबा गोरडे, निवृत्त आया, यांचा सध्याचा पत्ता मिळावा. त्या माझ्या आई आहेत.’

मन्सूरभाई त्या कार्यालयाचे जन माहिती अधिकारी. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या साऱ्या नोंदी त्यांच्या ताब्यात. आजवर असा अर्ज आला की ज्याची माहिती मागितली त्या त्रयस्थाला ते नोटीस पाठवायचे, हरकत आहे का म्हणून विचारायचे. वेणूबाईंचं उत्तर आठ दिवसांत यायचं. मोडक्या अक्षरातली एकच ओळ : ‘माझी हरकत आहे.’ अर्ज नामंजूर व्हायचा. मग रतनचं अपील, अपिलाची वेणूबाईंना पुन्हा नोटीस, पुन्हा तीच ओळ. सुनावणीला दोघांपैकी कुणी फिरकायचं नाही. काही महिने गेले की नवा अर्ज.

आता मात्र माहिती अधिकाराचा कायदा बदलला होता. वैयक्तिक माहिती दिसली की नकार. त्रयस्थाला विचारत बसायचं नाही, असं परिपत्रकही वरून आलं होतं. मन्सूरभाईंनी दोन महिने खपून कार्यालयाची घडी नव्यानं बसवली. उत्तरांचे नमुने बदलले, नोंदवह्या नव्या आखल्या, बाहेर द्यायच्या प्रतींमधले पत्ते आणि फोन नंबर स्वतः बसून काळे केले.

“सुटलात साहेब,” समोरच्या टेबलावरची पूर्णिमा म्हणाली. “माय-लेकांनी आता आपापलं घरी भांडावं.”

मन्सूरभाई हसले नाहीत. बायकोला, नसीमबानूला, जाऊन चार वर्षं झाली होती. आमीर कॅनडात. महिन्यातून एकदा फोन करायचा, ‘अब्बा, ठीक आहे ना सगळं?’ विचारायचा आणि उत्तर पुरं व्हायच्या आत ठेवायचा. इथे एक मुलगा आईचा पत्ता सात सात वेळा मागतो आणि बाई नाही म्हणते, हे त्यांना मनातून लागायचं.

वेणूबाई राहायच्या विश्रांतवाडीत. मन्सूरभाईंच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. रविवारी सकाळी मन्सूरभाई तिकडे निघाले. काम काही नव्हतं. एवढं सांगून यावं, म्हटलं.

एका खोलीचं घर. सत्तरी ओलांडलेल्या वेणूबाईंनी ऑफिसचं नाव ऐकताच पदर सावरला, खुर्ची पुसून दिली. “बसा साहेब. नोटीस आणली?”

“नाही. यापुढे नोटीस यायची नाही, तेच सांगायला आलो. नियम बदललाय. अर्ज आला की आम्हीच नाकारणार. तुम्हाला त्रास नाही.”

वेणूबाई खाटेच्या कडेला टेकल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे रतननं विचारलं, तरी मला कळायचं नाही?”

“नाही.”

“त्रास कसला साहेब,” त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी उशाखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत सगळ्या नोटिसा, तारखेनं लावलेल्या. त्यातली वरची त्यांनी पुढे केली. “तेवढी एकदा वाचून दाखवा. मला अडखळायला होतं.”

मन्सूरभाईंनी वाचली. “श्री. रतन धोंडिबा गोरडे यांनी आपला सध्याचा पत्ता मागितला आहे...”

“श्री. लिहिता तुम्ही,” त्या म्हणाल्या. “बरं वाटतं.”

“मावशी, किती वर्षं झाली?”

“बारा. बारा वर्षं त्याचा आवाज नाही कानावर.”

“भांडून गेला?”

“नाही हो. नुसता गेला.”

“मग एकदा ‘हरकत नाही’ लिहून द्या. तुम्ही स्वतः परवानगी दिलीत तर मला पत्ता देता येईल. तो येईल.”

वेणूबाईंनी नोटीस परत घेतली, घडीवर घडी जुळवून पिशवीत ठेवली. “नको,” त्या म्हणाल्या. “माझी हरकत आहे.”

काय हा ताठा, असं मनाशी म्हणत मन्सूरभाई उठले. पण दारातून मागे पाहिलं, तर बाई पिशवी मांडीवर घेऊन तशाच बसलेल्या. घरी येऊन त्यांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि झाकण लावलं. एक जण शोधतोय. दुसरीला शोधलं जायला हवंय, फक्त तोंडानं म्हणवत नाही. आणि मधे कोण, तर आपण, काळी शाई घेऊन.

तीस वर्षांच्या नोकरीत मन्सूरभाईंनी नियमाबाहेर एक कागद दिला नव्हता. निवृत्तीला पाच महिने उरले होते. कुणी तक्रार केली असती तर चौकशी लागली असती. तरीही मंगळवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, साध्या वहीच्या पानावर वेणूबाईंचा पत्ता लिहिला, आणि अर्जावर रतनचा पत्ता होता तिथे, कर्वेनगरला, पोचले.

पत्ता निघाला एका झेरॉक्सच्या दुकानाचा. काउंटरमागे पस्तिशीचा एक माणूस कागद लावत होता. साईनाथ, असं त्यानं नाव सांगितलं.

“रतन गोरडे इथे भेटतील?” मन्सूरभाईंनी विचारलं. “त्यांच्या आईकडून आलोय. विश्रांतवाडीहून.”

साईनाथनं हातातला गठ्ठा खाली ठेवला. “मावशींनी पाठवलं तुम्हाला? बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या आहेत. त्यांचा पत्ता रतनला द्यायचाय. मला त्याच्याच हातात द्यायचाय.”

साईनाथ त्यांच्याकडे बघतच राहिला. मग काउंटरची फळी उचलून बाहेर आला आणि स्टूल पुढे सरकवलं.

“बसा काका. रतन माझा रूम पार्टनर होता. कात्रजच्या घाटात गाडीवरून पडून गेला, त्याला बारा वर्षं झाली. अर्ज मी टाइप करून देतो, त्याच्या नावाची सही मावशी करतात.”