बाबांचा सुरा

सुरा आज पिठाच्या डब्यात सापडला.

पीठ काढायला तिनं वाटी आत घातली आणि ती पात्यावर खणकन वाजली. काल संध्याकाळी तिनं स्वतः तो कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. तिनं गळ्यातली किल्ली चाचपली. होती.

वळून बघते तो बाबा दारात उभे. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा, उजव्या तळव्याला पट्टी.

"दे बाळा, इकडे."

"नाही देणार."

त्यांनी हात पुढे केला तशी ती सुरा पाठीमागे धरून भिंतीला टेकली. बाबांनी हात खाली घेतला आणि तिथंच उभे राहिले. जाईनात.

वय वर्षं ब्याऐंशी. त्यातली तीस पलटणीत. तिथून आणलेली ही एकच चीज. वीतभर काळं पातं आणि मुठीला चामड्याच्या चकत्या. त्यांना सांभाळायला म्हणून तिनं शाळेतली नोकरी मुदतीआधी सोडली होती. घरभर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या डकवल्या होत्या: गॅस बंद? नळ बंद? म्हातारपणी डोकं साथ सोडतं, हे ती समजून होती. पण परवा सुऱ्यापायी त्यांचा तळवा फाटला. ते रक्त बघून ती इतकी हादरली की पुढचं तिला काही आठवेना. आणि हल्ली पहाटे उठून दार उघडलं की बाबा तिच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलेले असत, टक्क जागे. आतून कडी लावावी म्हटलं, तर कडीच कुणीतरी उचकटून काढलेली.

बाबा अंघोळीला गेले तशी ती सुरा वर्तमानपत्रात गुंडाळून धारवाल्याकडे गेली.

"बोथट करून द्या."

धारवाल्यानं पातं उजेडात धरलं. "ताई, पाप लागेल! असं पोलाद आता मिळत नाही. मुठीच्या टोकापर्यंत एकसंध आहे बघा. तुमची आमची हाडं जातील, हा नाही जायचा." मग तो जरा गोंधळला. "आणि धार तर मागच्याच आठवड्यात लावून दिली की मी."

तिची पाचावर धारण बसली. बाबा एकटे इतक्या लांब आले होते?

"काही म्हणाले का ते?"

"ते?" धारवाला तिच्याकडे बघतच राहिला. तेवढ्यात एक खाटीक चार सुऱ्या घेऊन आला आणि बोलणं तिथंच राहिलं.

सुरा तसाच घेऊन परत येताना ती बाबांच्या जुन्या जोडीदाराकडे थांबली. दोघं एकाच तंबूत राहिलेले. त्यानं सुरा ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा पाहिला.

"याच्यानं आम्ही डबे फोडले, दोर कापले, तंबूच्या मेखा ठोकल्या. लोकांना वाटतं लष्करी सुरा म्हणजे गळेच कापायचे. तुझ्या बापानं माणसावर तो कधी उगारला नाही, पोरी."

"तेव्हा नसेल उगारला. काका, मला घरात भीती वाटते."

म्हाताऱ्यानं चष्मा काढून पुसला. पुसतच राहिला.

"सुरा राहू दे माझ्याकडे," तो म्हणाला. "पण हा नाही तर दुसरा सापडेल. विळी आहे, कात्री आहे. हत्याराला काय दोष? हात कोणाचा, ते बघायचं."

खरंच की, घरात विळी होती. कात्री होती.

बाहेर पडल्या पडल्या तिनं धाकट्या भावाला फोन लावला.

"आता मला नाही रे झेपत. एक दिवस काहीतरी आक्रीत होईल. कुठंतरी सोय बघ."

"बघितलीय, ताई. चांगली जागा आहे. बाग आहे, चोवीस तास माणसं आहेत. उद्या सकाळी गाडी येईल. बाबा तयार आहेत."

"त्यांना कळलं तरी का, काय ते?"

"सगळं कळलंय त्यांना. तू नको घाबरू. उद्यापर्यंत बाबा आहेत ना."

'म्हणूनच तर घाबरतेय,' ती मनात म्हणाली.

सकाळी दहाला गाडी आली. तिनं बाबांची पिशवी भरून ठेवली होती: तीन सदरे, स्वेटर, दाढीचं सामान. बाबा नवे जोडे घालून उंबऱ्याशी उभे होते. डोळे लाल. ते तसे पाहून तिला एकदम भरून आलं. भीती कुठल्या कुठे पळाली. हेच ते बाबा, ज्यांनी तिला सायकल शिकवली होती.

"बाबा, तिथं बाग आहे म्हणे," ती म्हणाली. "मी येत जाईन भेटायला."

"हो बाळा," बाबा म्हणाले.

पांढऱ्या कपड्यांतली नर्स पायऱ्या चढून आली. तिच्या हातात एक छापील कागद होता.

"जबाबदार नातेवाईक कोण? इथं सही लागेल."

"मी," म्हणत ती पुढे झाली.

नर्सनं तिला हसून बाजूला घेतलं, तिचा दंड अलगद पण घट्ट धरला, आणि पेन बाबांच्या हातात दिलं.